ताठ आणि ताठर : रात्रशाळेतील एका कृतिसंशोधनाच्या नोंदी

२१ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

काल विधानसभेचे मतदान झाले. आमचा वर्ग मतदान केंद्रासाठी घेतलेला असल्यामुळे आज संध्याकाळी साडेसहाला आम्ही पोहोचलो तेव्हा सगळी बाके भिंतीला लावलेली होती. ती आम्हीच ओढून पुन्हा रांगेत लावली, आणि त्या धांदलीत जो तो एरवीपेक्षा मोकळेपणाने वावरताना, मोठ्याने बोलताना, एकमेकांना सूचना देताना दिसला. बाके लागली, सगळे बसले आणि दोन मिनिटांत वर्ग पुन्हा नेहमीसारखा झाला. खांदे पुढे आलेले, हात मांड्यांमध्ये दाबलेले, माना वहीत. ज्या ताई नुकत्याच "इकडून धरा, तिकडून उचला" असे खणखणीत आवाजात सांगत होत्या, त्यांना मी धड्यातला एक परिच्छेद वाचायला सांगितला, तर त्यांचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोहोचला नाही.

यंदाच्या कृतिसंशोधनाचा, म्हणजे आपल्याच वर्गात उपाय करून पाहून त्याच्या नोंदी ठेवण्याचा, विषय मला तेथेच मिळाला. दहावीचा हा वर्ग २३ जणांचा आहे. सर्वांत लहान विद्यार्थी १७ वर्षांचा आणि सर्वांत मोठे काका ४८ वर्षांचे. दिवसभर कोणी धुणीभांडी करते, कोणी शिवणयंत्रावर बसते, कोणी दुचाकीवरून घरपोच डबे आणि सामान पोहोचवते, तर कोणी सोसायटीच्या फाटकावर उभे असते. दहावीच्या भाषा विषयांत ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. हे २० गुण तयारी कमी पडते म्हणून जात नाहीत, तोंड उघडत नाही म्हणून जातात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. दुसरी अडचण लेखी पेपरची आहे. भाषेचा पेपर ३ तासांचा असतो, आणि दिवसभर उभे राहून दमलेल्या माणसाला एका जागी बसून ३ तास चित्त एकवटणे हे स्वतंत्रपणे शिकावे लागते.

शरीराची ठेवण आणि डोळ्यांसमोरचा आदर्श या दोन गोष्टींच्या आधाराने हा धीर आणि ही एकाग्रता वाढवता येते का, हे पाहायचे आहे. मोजमाप साधेच ठेवते. मोठ्याने वाचलेले शेवटच्या बाकावर ऐकू येते का, आणि मूकवाचनात पहिल्यांदा मान वर होईपर्यंत किती मिनिटे जातात, एवढेच दर आठवड्याला टिपायचे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

मूळ आराखड्यात मी पहिली कृती अशी लिहिली होती : परीक्षेपूर्वी २ मिनिटे कमरेवर हात ठेवून, छाती पुढे काढून उभे राहणे. ही कल्पना शिक्षकांच्या प्रशिक्षणांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत इतक्या वेळा ऐकली होती की ती तपासून पाहावी असे मला कधी वाटलेच नव्हते. काल रविवार त्यासाठी दिला.

डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांचा हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४२ जण होते. ऐसपैस पवित्रा घेतला की टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल घटते आणि माणूस धाडसी निर्णय घेतो, असे त्यात म्हटले होते. २०१५ मध्ये एव्हा रानेहिल आणि सहकाऱ्यांनी २०० जणांवर तोच प्रयोग केला, तेव्हा संप्रेरकांत फरक आढळला नाही आणि धाडसातही नाही. आपल्याला बळ आल्यासारखे वाटते, एवढे मात्र सहभागी झालेल्यांनी सांगितले. २०१६ मध्ये खुद्द कार्नी यांनीच हा परिणाम खरा आहे असे आपल्याला आता वाटत नाही, असे जाहीरपणे लिहिले. आपल्याच गाजलेल्या संशोधनावर आता विश्वास उरला नाही असे सांगण्याचा त्यांचा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो आणि तो मी वर्गालाही सांगणार आहे.

पुढे अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली आहे. ऐसपैस बसणारा आणि आक्रसून बसणारा यांच्या मनःस्थितीत जो फरक पडतो, तो ऐसपैस बसण्याच्या लाभापेक्षा आक्रसून बसण्याच्या तोट्यामुळे पडत असावा, कारण साधेपणाने बसलेल्या माणसाशी तुलना केली की ऐसपैस पवित्र्याचा फायदा जवळपास उरत नाही. माझ्या कामासाठी एवढे पुरेसे आहे. विद्यार्थ्यांना शूरवीरासारखे उभे करण्याची गरज नाही. त्यांनी अंग चोरू नये, एवढेच साधायचे आहे. आराखड्यातली पहिली कृती खोडली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज माझ्या हातून चूक झाली, ती नीट नोंदवून ठेवते. सोसायटीत सुरक्षारक्षक असलेले काका पोक काढून बसले होते. मी सहज म्हणाले, "काका, जरा ताठ बसा." ते तत्क्षणी असे ताठ झाले की माझ्याच मनात चर्र झाले. हनुवटी वर, छाती फुगलेली, दोन्ही मुठी आवळलेल्या आणि श्वास पूर्ण थांबलेला. त्याच अवस्थेत त्यांनी कवितेचे कडवे म्हणायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या ओळीला त्यांना धाप लागली.

वर्ग सुटल्यावर जिन्यात त्यांच्याशी बोलले. दिवसभरात फाटकातून गाडी गेली की प्रत्येक वेळी खुर्चीतून उठावे लागते, उठायला उशीर झाला तर तक्रार होते, असे त्यांनी अगदी सहजपणे सांगितले. "ताठ" हा शब्द त्यांच्या कानावर बारा तास हुकूम म्हणून पडतो. तोच शब्द मी संध्याकाळी पुन्हा त्यांच्या कानी घातला होता.

ताठ आणि ताठर यांतला फरक मला आज कळला. ताठ माणसाचा श्वास चालू असतो. ताठराचा अडलेला असतो. यापुढे वर्गात "ताठ बसा" हे शब्द मी वापरणार नाही. त्याऐवजी "श्वासाला जागा करून द्या" असे म्हणून पाहीन.

३ डिसेंबर, मंगळवार

आजची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे, आणि हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवे होते.

मूकवाचनाच्या वेळी मी स्वतः तिसऱ्या बाकावर जाऊन बसले. पाच मिनिटांत कंबर भरून आली. गुडघे कमरेपेक्षा वर आले होते आणि वही मांडीवर घ्यावी की पुढच्या फळीवर ठेवावी, हेच ठरेना. शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या पर्समध्ये मोजपट्टी होतीच. त्यांनी बैठकीची उंची मोजून सांगितली, "बाई, साडेबारा इंच." आमची रात्रशाळा भरते त्या खोलीत दिवसा तिसरीचा वर्ग बसतो. आठ वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या बाकांवर आम्ही मोठी माणसे रोज तीन तास बसतो आणि मग त्यांच्या पोक काढून बसण्यात मी आत्मविश्वासाचा अभाव शोधत असते!

मध्यम उंचीच्या प्रौढ माणसाला साधारण सोळा-सतरा इंच उंचीची बैठक लागते, म्हणजे तळवे जमिनीला टेकतात आणि मांड्या जमिनीला समांतर राहतात. बैठक त्याहून बुटकी असली की कटी मागे ढळते, पाठीचा खालचा बाक सपाट होतो, वरची पाठ गोल होते आणि वाचण्यासाठी मान पुढे काढावीच लागते. बरगड्या पोटावर दबल्या की श्वासपटलाला खाली उतरायला जागा कमी पडते, श्वास उथळ होतो आणि उथळ श्वासावर लांब वाक्य पेलत नाही. पहिल्या दिवशी वाचणाऱ्या ताईंचा आवाज दुसऱ्या बाकापाशी का अडत होता, याचे निम्मे उत्तर या साडेबारा इंचांत आहे.

शिपाईमामांना विचारले. दुसऱ्या मजल्यावर दहावीच्या दिवसशाळेचा वर्ग आहे आणि तो रात्री रिकामाच असतो. मुख्याध्यापकांना उद्या लेखी अर्ज देते.

५ डिसेंबर, गुरुवार

परवानगी मिळाली. आज वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरला.

पहिल्या दिवशी परिच्छेद वाचणाऱ्या ताई बाकावर बसल्या, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि शेजारणीला म्हणाल्या, "अगं, हे तर माणसांचं बाक आहे." कोणतीही कृती न देता त्यांच्याकडून तोच परिच्छेद वाचून घेतला. चौथ्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू आला. हा फरक माझ्या उपक्रमाच्या खात्यावर मांडता येणार नाही. तो बाकाचा आहे, आणि तसाच नोंदवला आहे.

१० डिसेंबर, मंगळवार

आता आदर्शांकडे वळायचे ठरले. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली आणि "ज्यांच्यासारखे व्हावेसे वाटते अशा एका व्यक्तीचे नाव लिहा" असे सांगितले. बहुतेक चिठ्ठ्यांत शिवाजी महाराज, बाबासाहेब आंबेडकर, अब्दुल कलाम आणि सचिन तेंडुलकर ही नावे आली. नावे थोरच आहेत, पण मी जेव्हा विचारले की "यांची कोणती एक गोष्ट तुम्ही उद्या सकाळी करून पाहाल?" तेव्हा वर्गात शांतता पसरली. आपण भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडतो. तिच्याकडून काही शिकायचे तर त्या माणसाचे एखादे काम जवळून पाहावे लागते.

कॅनडात पेनेलोप लॉकवुड आणि झिवा कुंडा यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास येथे उपयोगी पडतो. त्यांनी हिशेबशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याच शाखेतल्या एका अत्यंत यशस्वी विद्यार्थ्याविषयी वाचायला दिले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यातून हुरूप आला, कारण तसे यश मिळवायला त्यांच्या हातात अजून वेळ होता. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मात्र त्यातून तसा हुरूप मिळाला नाही. आदर्शाची उंची महत्त्वाची आहेच, पण तेथवर जाणारी वाट आपल्या पायाखाली आहे असे वाटणे त्याहून महत्त्वाचे आहे. शाळा सोडून वीस वर्षे झालेल्या माणसापुढे गुणवत्ता यादीतला मुलगा उभा केला, तर त्याला बळ येण्याऐवजी त्याचे हातपाय गळायचीच शक्यता अधिक.

पुढच्या मंगळवारी दुसरी चिठ्ठी द्यायची आहे. त्यात ओळखीतली व्यक्ती हवी, आणि तिची हुबेहूब करून दाखवता येईल अशी एक सवय हवी.

१४ डिसेंबर, शनिवार

बी. के. एस. अय्यंगार यांचा आज जन्मदिवस. (जन्म १९१८, निधन २०१४.) ते १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले आणि मॉडेल कॉलनीतली त्यांची योगसंस्था १९७५ पासून आहे, हे पुणेकरांना माहीत असते. पण लहानपणी ते क्षयासह अनेक दुखण्यांनी खंगलेले, अशक्त मूल होते, हे वर्गातल्या कोणालाही माहीत नव्हते. हे ऐकून डबे पोहोचवणारा मुलगा प्रथमच स्वतःहून बोलला : "म्हणजे ते मुळात लवचीक नव्हते?"

माझ्या शेजारच्या काकू त्या पद्धतीने अनेक वर्षे सराव करतात. त्यांना आज तासभर बोलावले होते. अय्यंगारांनी भिंत, खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे आणि घडी घातलेल्या चादरी यांना आसनाचे साहित्य केले. शरीराला जे जमत नाही ते त्याच्याकडून जबरदस्तीने करून घेण्यापेक्षा त्याला टेकू द्यावा, असा त्यामागचा विचार आहे. काकूंनी सगळ्यांना आधी ताडासन भिंतीला टेकून करायला लावले. टाचा, पार्श्वभाग आणि खांद्यांची पाती भिंतीला, आणि तळव्यांवर वजन सारखे. मग बाकावर बसवून प्रत्येकाच्या बैठकीखाली मागच्या बाजूने चादरीची घडी सरकवली. सुरक्षारक्षक काकांच्या खाली तीन बोटे जाडीची घडी गेली, त्यांची कटी किंचित पुढे झुकली आणि कोणीही काही न सांगता त्यांची पाठ आपोआप वर आली. मुठी सुटलेल्या होत्या. हे मी अगदी जवळून पाहिले : आधी अंगठे सैल झाले, मग खांदे कानांपासून खाली उतरले आणि मग त्यांनी एक लांब श्वास सोडला.

पतंजलींनी योगसूत्रांत आसनाची व्याख्या "स्थिरसुखमासनम्" अशी तीन शब्दांत केली आहे. त्यातला "सुख" हा शब्द आम्ही शिक्षक नेहमी गाळतो. त्याच ग्रंथात पहिल्या पादातल्या एकतिसाव्या सूत्रात चित्त विचलित होते तेव्हा दुःख, दौर्मनस्य, अंगाचा कंप आणि श्वासाची अनियमितता ही सोबतीला येतात, असे म्हटले आहे. एकाग्रता ढळण्याची लक्षणे अंगात आणि श्वासात शोधायची, ही दृष्टी आपल्याकडे इतकी जुनी आहे. आपल्या बोलीतही धैर्याचा सारा हिशेब शरीरावरच मांडलेला आहे. छाती दडपते, पाय लटपटतात, मान खाली जाते, अवसान गळते.

१९ डिसेंबर, गुरुवार

मंगळवारी दिलेल्या दुसऱ्या चिठ्ठ्या आज वाचल्या. पहिल्या चिठ्ठ्यांपेक्षा या कितीतरी जिवंत आहेत.

शिवणकाम करणाऱ्या ताईंनी त्यांच्या चाळीतल्या पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या मावशींचे नाव लिहिले आहे. सवय अशी : कोणी घाई केली की मावशी हातातले काम थांबवतात, दोन्ही हात ओट्यावर टेकवतात, समोरच्याकडे पाहतात आणि मगच उत्तर देतात. डबे पोहोचवणाऱ्या मुलाने नेमबाज स्वप्नील कुसाळे यांचे नाव लिहिले. ओळखीतली व्यक्ती हवी, अशी अट होती, पण त्याचे म्हणणे असे की रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी केलेला माणूस आपल्यातलाच आहे. मी ते मान्य केले. कुसाळे मध्य रेल्वेच्या पुणे विभागात नोकरीला होते, बालेवाडीला सराव करतात, आणि यंदा १ ऑगस्टला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्यांनी ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्वतः कुसाळे यांनी महेंद्रसिंग धोनी यांच्या शांतपणाचा आदर्श सांगितला होता, आणि धोनीही पूर्वी रेल्वेत तिकीट तपासनीसच होते. आदर्शालाही आदर्श असतो, हे त्या मुलाच्या लक्षात आले तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता.

हा खेळ आमच्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. गुडघ्यावर, पोटावर आणि उभे राहून अशा तीन स्थितींत नेम धरायचा असतो. उभ्या स्थितीत रायफल धरणाऱ्या हाताचे कोपर कमरेच्या बाजूला टेकवतात, म्हणजे भार स्नायूंवर न राहता हाडांवरून पायांत उतरतो. स्नायू थकून थरथरतात, हाडे थरथरत नाहीत. एका गोळीनंतर नजर लक्ष्यावरून काढून, श्वास घेऊन, पुन्हा पहिल्यापासून बैठक जमवायची असते. या मुलाने त्यातून स्वतःपुरता नियम काढला : प्रत्येक प्रश्न म्हणजे एक गोळी. उत्तर लिहून झाले की पेन खाली ठेवायचे, पाठ टेकवायची, एक श्वास घ्यायचा आणि मग पुढचा प्रश्न वाचायचा. मूकवाचनात पूर्वी चौथ्या-पाचव्या मिनिटाला त्याची मान वर व्हायची आणि हात खिशातल्या मोबाइलकडे जायचा. आज बारा मिनिटे गेली.

२६ डिसेंबर, गुरुवार

नाताळच्या सुट्टीमुळे दहाच जण आले. आदर्शाची भूमिका घेण्याचा खेळ घेतला. अमेरिकेत चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांवर झालेल्या एका अभ्यासात, १० मिनिटांच्या कंटाळवाण्या कामात जी मुले "मी बॅटमन आहे, बॅटमन मेहनत करतोय का?" असे स्वतःला विचारत होती, ती "मी मेहनत करतोय का?" असे विचारणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ टिकली, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रौढांनी बॅटमन होण्याची गरज नाही, पण "आत्ता येथे मावशी असत्या तर त्यांनी काय केले असते?" हा प्रश्न त्यांनाही विचारता येतो.

मराठीत "उसने अवसान आणणे" हा वाक्प्रचार आपण थोड्या कमीपणाने वापरतो. मला त्यात कमीपणा वाटेनासा झाला आहे. उसने आणलेले परत करायचे असते, आणि तोवर ते आपल्या उपयोगी पडते.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सावित्रीबाईंची जयंती. दरवर्षी तसबिरीला हार घालून दोन भाषणे होतात. यंदा वर्गाने ठरवले की भाषणे नकोत, आपण त्यांच्या चालण्याचा विचार करू. १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिडेवाड्यात शाळा सुरू झाली. तेथे शिकवायला जाताना अंगावर शेण आणि चिखल टाकला जाई, म्हणून त्या जास्तीची साडी सोबत नेत, हे सर्वांना माहीत होते. मी विचारले, "असे रोज घडत असताना रस्त्याने चालणाऱ्या बाईची मान कशी असेल? पाऊल कसे पडत असेल?" धुणीभांडी करणाऱ्या ताईंनी फार विचार करून उत्तर दिले : "ती वर बघत नसणार, बाई, आणि खाली पण नाही. जिथं जायचं तिथंच बघत असणार."

एकाग्रतेची याहून चांगली व्याख्या माझ्याकडे नाही. मग सगळ्यांनी वर्गाच्या दारापासून फळ्यापर्यंत, नजर फळ्यावर ठेवून, आपापल्या वेगाने चालण्याचा सराव केला. दोघांना हसू आले, तेही चालले.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती, हे मी शेवटी सांगितले. आपण येथे बसतो ती कल्पना पुण्यातच एवढी जुनी आहे, हे बहुतेकांना नवीन होते. सुरक्षारक्षक काकांनी ते वर्ष वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले.

९ जानेवारी, गुरुवार

एक शंका नोंदवून ठेवते. चार जणांत काहीच फरक नाही. त्यांपैकी दोघे रात्रपाळी करतात आणि बाक कितीही चांगले असले तरी त्यांची मान पडतेच. ही झोपेची गरज आहे, तिच्यावर बैठकीचा उपाय नाही. त्या दोघांना शेवटच्या बाकावर पंधरा मिनिटे डोके टेकून झोपण्याची मुभा दिली, आणि त्यानंतरची पाऊण तास त्यांची एकाग्रता कोणत्याही कृतीने साधली असती त्याहून चांगली होती. तिसऱ्या विद्यार्थिनीला फळा दिसतच नाही, हे आज कळले. ती मान पुढे काढते ती नजरेसाठी. डोळे तपासून घ्यायला सांगितले आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ आणि अर्धाच वर्ग. सराव झाला नाही.

२२ जानेवारी, बुधवार

तोंडी परीक्षेची रंगीत तालीम. टेबल, समोर दोन खुर्च्या, आणि परीक्षक म्हणून दुसऱ्या रात्रशाळेतले सहकारी, ज्यांना आमचा एकही विद्यार्थी ओळखत नव्हता.

धुणीभांडी करणाऱ्या ताई खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या. पदर दोन्ही हातांत घट्ट धरलेला. पहिल्या प्रश्नाला त्यांचे ओठ हलले, शब्द आला नाही. तालमीनंतर मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, ज्या घरांत मी काम करते तिथं खुर्चीवर बसायची पाळीच येत नाही. कुणी बस म्हटलं तर अशीच बसते, लगेच उठता येईल अशी." अंग चोरून बसणे ही त्यांच्या स्वभावातली खोट नाही. दुसऱ्याच्या घरातले आपले स्थान त्यांच्या शरीराने वर्षानुवर्षे पाठ केले आहे, आणि ते पुसायला एक तासिका पुरणार नाही.

म्हणून आज फक्त खुर्चीचाच सराव घेतला. दार उघडायचे, खुर्ची स्वतःच्या हाताने ओढायची, पार मागे सरकून पूर्ण बैठक वापरायची, तळवे टेकवायचे, हात टेबलावर ठेवायचे, श्वास सोडायचा, आणि मगच परीक्षकांकडे पाहायचे. हे त्यांनी नऊ वेळा केले. त्यांच्या आदर्शाच्या चिठ्ठीत कोणाचेच नाव नव्हते, ती त्यांनी कोरी ठेवली होती. आज त्यांनी ती मागून घेतली आणि "शिवणवाल्या ताई" असे लिहिले. शिवणवाल्या ताई शेजारच्याच बाकावर बसतात.

आदर्शाचा शोध घेताना मी पोळीभाजी केंद्रापर्यंत आणि बालेवाडीपर्यंत गेले, आणि वर्गातलाच आदर्श मला दिसला नव्हता. पतंजलींनी चित्त स्थिर करण्याच्या उपायांत, ज्यांचे चित्त आसक्तीपासून मुक्त झाले आहे अशा व्यक्तीला ध्यानाचा विषय करावे, असाही एक उपाय सांगितला आहे. ती व्यक्ती दूरची असावी असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. एकलव्याने गुरूची मातीची मूर्ती समोर ठेवली ती प्रत्यक्ष गुरू मिळाला नाही म्हणून. आमच्या वर्गात हाडामांसाची माणसे एका हाताच्या अंतरावर बसतात. यापुढे जोड्या करून सराव घ्यायचा.

५ फेब्रुवारी, बुधवार

मराठीची तोंडी परीक्षा झाली. नियमानुसार मी खोलीबाहेर होते, पण दार अर्धवट उघडे होते.

सुरक्षारक्षक काका आत गेले, परीक्षकांना नमस्कार केला आणि बसले. मधेच संस्थेचे कोणी पदाधिकारी खोलीत डोकावले, तेव्हा काका सवयीने अर्धे उठले, थांबले, आणि पुन्हा सावकाश मागे टेकून बसले. उत्तर त्यांनी जेथे सोडले होते तेथूनच पुढे सुरू केले. शेवटची दोन वाक्ये मला दाराबाहेर स्पष्ट ऐकू आली.

धुणीभांडी करणाऱ्या ताईंचा क्रमांक त्यांच्यानंतर होता. त्या बोलल्या फार नाहीत आणि एका प्रश्नाला अडखळल्याही, पण दारातून मला पहिला आवाज ऐकू आला तो फरशीवर खुर्ची ओढल्याचा.

८ फेब्रुवारी, शनिवार

लेखी परीक्षा २१ तारखेपासून आहे. परीक्षा केंद्रावर कोणत्या उंचीचे बाक मिळेल हे आपल्या हातात नाही, म्हणून उरलेल्या दिवसांत आठवड्यातून दोनदा जुन्या, साडेबारा इंची बाकांवर बसूनच ३ तासांचा सराव पेपर सोडवायचा असे ठरवले आहे. बैठक बुटकी असेल तर पाय गुडघ्यात न दुमडता पुढे सोडायचे, स्वेटरची घडी बैठकीखाली मागच्या बाजूने घ्यायची, आणि दर प्रश्नानंतर पेन खाली ठेवून एक श्वास घ्यायचा. स्वेटर सगळ्यांकडे आहे का, ते सोमवारी विचारायचे. दोघांकडे नसावा असे वाटते. घरातल्या दोन शाली पिशवीत भरून ठेवल्या आहेत.